अंदाज आधी लिहा: फाउंड्रीतल्या एका तरुण सुपरवायझरच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा, वय तिशीच्या आत, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, सहा वर्षं झाली, आता मोल्डिंग लाइनचे (साचे तयार होतात त्या लाइनचे) सुपरवायझर. गाव हातकणंगले तालुक्यात, घरी दोन म्हशी आणि थोडा ऊस. दिवस सगळा पळापळीत जातो, संध्याकाळी आज काय शिकलो ते आठवत नाही. पहाटे पाचला उठून बघितलं, मोबाईलवर कामांची यादी करून बघितली, इंग्रजीचा कोर्स लावून बघितला, यातलं काहीच महिनाभर टिकलं नाही. मागून आलेला मुलगा क्वालिटीला इंजिनिअर होऊन ग्राहकांकडं जायला लागला. तर आता कोणत्या सवयी लावू, आणि पुण्याला जाऊ का?

मी मोल्डिंग शॉपमधून सुरुवात करून पुढं प्रॉडक्शन सांभाळलं आणि गेली कित्येक वर्षं सुपरवायझर तयार करण्याचंच काम करतोय, त्यामुळं हा प्रश्न मला नवा नाही. उद्यमनगरपासून गोकुळ शिरगाव, कागलपर्यंत तुमच्यासारखी खूप मुलं आहेत. अंगात कष्ट आहेत, डोकं आहे, आणि तरी सहाव्या वर्षी जागच्या जागी असल्यासारखं वाटतं. माझं उत्तर लांब आहे, पण त्याचा गाभा एकच आहे. काम करून अनुभव आपोआप येत नाही. आपल्याला काय वाटलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, हे दोन्ही समोरासमोर ठेवून बघितलं तरच तो येतो. बाकीच्या सवयी त्याच्या मागून.

पहाटे पाचचा विषय आधी मिटवू. ज्याच्या घरी म्हशी आहेत तो धारेसाठी उठतोच, त्याला लवकर उठण्याचं महत्त्व कुणी सांगायची गरज नाही. तुमची अडचण झोपेची आहे. फर्स्ट शिफ्ट असताना पाचला उठायचं आणि रात्री अकरापर्यंत ग्रुपवरचे मेसेज बघायचे, तर सहा तासही पदरात पडत नाहीत, आणि मोठ्या माणसाला रोज निदान सात तास लागतात. नाइट असेल तेव्हा तर घरी पोचल्यावर धार, वैरण, मग दहाला आडवं व्हायचं आणि एकला जेवायला उठायचं. हे मोडा. नाइटच्या आठवड्यात सकाळची धार घरातल्या दुसऱ्या कुणाकडं द्या, आणि खोलीत अंधार करून सलग झोपा. शिफ्ट फिरवण्यात तुमचं मत विचारलं जात असेल तर फर्स्ट, सेकंड, नाइट असा पुढं सरकणारा क्रम मागा; उलट्या क्रमापेक्षा तो शरीराला सोसतो. आणि नाइट सुटल्यावर डोळे जड असताना हायवेला मोटरसायकल घालू नका. कँटीनला चहा घेऊन पंधरा-वीस मिनिटं टेबलावर डोकं टेकवा, मग निघा. सवयींच्या चर्चेत हे कुणी सांगत नाही, पण आपल्याकडं जीव यात जातात.

आता मूळ मुद्दा.

फाउंड्रीत शिकणं अवघड का असतं ते नीट समजून घ्या. सीएनसीवरच्या (संगणकावर चालणाऱ्या मशीनवरच्या) माणसाला त्याची चूक पाच मिनिटांत मापाच्या गेजवर दिसते. तुम्ही आज वाळूचा साचा मारता, तो आज नाहीतर उद्या ओतला जातो, परवा नॉकआउट (साचा फोडून नग काढणं), शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून साफ करणं), फेटलिंग (जादा धातू घासून काढणं). पृष्ठभागाखालचा ब्लोहोल (गॅसमुळं पडलेली पोकळी) असेल तर तो ग्राहकाच्या मशीनवर उघडा पडतो, कधी कधी तीन-चार आठवड्यांनी. तोवर त्या दिवशी वाळू कशी होती, कोअर (नगातली पोकळ जागा राखणारे वाळूचे ठोकळे) ताजे होते की दोन दिवस पडून होते, लॅडलला (धातू ओतायच्या भांड्याला) किती वेळ लागला, यातलं काही कुणाच्या लक्षात नसतं. निकाल येतो तेव्हा कारण विसरलेलं असतं. कारण आणि निकाल यांची गाठच पडत नसेल तर वीस वर्षं काढूनही माणूस शिकत नाही, त्याची फक्त मतं पक्की होत जातात.

दुसरी अडचण आपल्या डोक्यात आहे. निकाल कळला की "मला वाटलंच होतं" असं प्रत्येकाला वाटतं, आणि ते मनापासून वाटतं. यावर एक जुना अभ्यास आहे. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यावर निघाले होते. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी विद्यार्थ्यांना आधीच विचारून ठेवलं, की या दौऱ्यात अमुक घडेल याची शक्यता तुम्हाला किती वाटते. दौरे झाल्यावर त्यांनाच विचारलं, की तेव्हा तुम्ही किती शक्यता सांगितली होती ते आठवून लिहा. जे घडलं होतं त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, असं बहुतेकांना आठवलं. १९७५ मध्ये ते छापून आलं. शॉप फ्लोअरवर हे रोज चालतं. रिजेक्शन मीटिंगमध्ये "मी म्हणत होतो" म्हणणारे पाच जण असतात, आणि सोमवारी सकाळी तसं म्हणालेला त्यातला एकही नसतो.

म्हणून वही. साधी, खिशात मावणारी, शंभर पानी. मोबाईल नको, कारण मोबाईल उघडला की चार मेसेज दिसतात आणि लिहायचं राहून जातं. रोज एकच नोंद, आणि ती ओतकाम सुरू होण्यापूर्वी. डावीकडं अंदाज लिहायचा, उजवी बाजू कोरी ठेवायची.

उदाहरणादाखल एक पान सांगतो. डावीकडं तारीख, शिफ्ट, पार्ट: पंप केसिंग, ४० नग, हीट नंबर (भट्टीतून एका वेळी काढलेल्या धातूचा क्रमांक). खाली: "वाळूचा ओलावा ३.८ टक्के. रिटर्न वाळू (वापरून परत आलेली) गरम, हात ठेवता येत नाही. पॅटर्नला (साच्याला आकार देणाऱ्या नमुन्याला) वाळू चिकटतेय. अंदाज: ४ नग जातील, वरच्या फ्लँजला (बाहेर आलेल्या कडेला) ब्लोहोल." एवढंच. उजवी बाजू फेटलिंगनंतर एकदा आणि ग्राहकाकडून निरोप आल्यावर पुन्हा भरायची: "६ गेले. ब्लोहोल २, वाळू घुसलेली ४, खालच्या कोपऱ्यात." आता इथं शिकायला मिळतं. नगांचा अंदाज फार चुकला नाही, कारण मात्र चुकलं. तुम्ही गॅसवर लक्ष ठेवून होता, आणि गरम वाळू पॅटर्नला चिकटून साच्याच्या कडा तुटत होत्या. मिक्सरजवळ ओलावा ३.८ दिसला तरी गरम वाळूतलं पाणी साच्यापर्यंत जाताना उडतं, कडा भुसभुशीत होतात आणि धातूबरोबर वाळू वाहून जाते. हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल, पण तुमच्या वहीत सापडलं की ते जन्मभर विसरत नाही. पुढच्या वेळी रिटर्न वाळू हाताला चटका देत असेल तर तुम्ही मिक्सरचा आकडा बघून गप्प बसणार नाही.

अंदाजात आकडा हवा आणि जागा हवी. "आज रिजेक्शन वाढेल" हा अंदाज नाही, कारण तो कधी खोटा ठरतच नाही. "४ नग, वरचा फ्लँज" हा खोटा ठरू शकतो, म्हणून त्यातून शिकता येतं. हीट नंबर न चुकता लिहा, तोच धागा महिन्याभराने तुम्हाला त्या दिवसापाशी परत नेतो.

यात एक गोष्ट आवर्जून जोडा. तुमच्या लाइनवर तीस वर्षं काढलेला एखादा मोल्डर असेलच. लॅबचा आकडा यायच्या आधी त्याला विचारा, "मामा, आज वाळू कशी हाय?" तो मूठभर वाळू उचलेल, आवळेल, मधोमध मोडेल, तुटलेली कड अंगठ्यानं चोळून बघेल. आणि म्हणेल, "भाजलीया आज. पानी कमी नाही, माती मेलीया." हे जसंच्या तसं लिहा आणि शेजारी लॅबचा आकडा. काही दिवसांत तुम्हाला कळेल की त्याच्या 'माती मेलीया'चा अर्थ बेंटोनाइटची (वाळूला बांधून ठेवणाऱ्या मातीची) ताकद संपलीय, पाणी वाढवून उपयोग नाही, नवी माती घालायला हवी. ते ज्ञान त्या माणसाबरोबर निवृत्त होऊन गावी जातं आणि कंपनीला पत्ता लागत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. तुम्ही ते टिपून ठेवलंत तर तुमचं भलं होईलच, आणि त्या मामांना कुणीतरी पहिल्यांदाच मानानं विचारलेलं असेल.

पावसाळ्यात ही वही दुप्पट कामाची. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोअर हवेतला दमटपणा ओढतात, उघड्यावरचं स्क्रॅप ओलं असतं. ओलं स्क्रॅप भट्टीत जाणं हा थेट जिवाचा धोका, तिथं अंदाज-बिंदाज काही नाही, चार्ज (भट्टीत माल घालणं) थांबवायचा. एका पावसाळ्याच्या नोंदी हाताशी असतील तर पुढच्या मृगाला तुम्ही आधीच तयार असता.

तुम्ही म्हणाल, लिहायला वेळ कुठाय? नोंद तीन मिनिटांची आहे. ती होत नाही कारण तिची वेळ ठरलेली नसते. पीटर गोल्वित्झर या मानसशास्त्रज्ञानं १९९९ मध्ये यावरचं बरंच संशोधन एकत्र मांडलं. नुसतं "मी करणार" म्हणण्यापेक्षा "अमुक घडलं की मी तमुक करणार" असं आधी ठरवलेल्या लोकांच्या हातून ते काम जास्त वेळा पार पडतं. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायला नको. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, आणि कुठल्या पातळीला काय हलवायचं हे पाणी चढायच्या आधी ठरलेलं असतं. पाणी दारात आल्यावर कुणी बैठक बोलवत नाही. तसं तुमचं ठरवा: पहिल्या हीटचं टेंपरेचर घेतलं की वही काढायची. उजवी बाजू भरायची ती फेटलिंगचा रिपोर्ट सही करताना. घड्याळाची वेळ ठरवू नका, फाउंड्रीत घड्याळ कुणाचं ऐकत नाही. रोज नक्की घडणाऱ्या गोष्टीला बांधा.

आणि महिनाभरात टिकलं नाही म्हणून स्वतःला नावं ठेवू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर अभ्यास केला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. रोजची एखादी नवी गोष्ट अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा आला, पण कुणाला १८ दिवस पुरले आणि कुणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. एकवीस दिवसांत सवय लागते, हे जे सगळीकडं फिरतं ते विसरा. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती मला जास्त मोलाची वाटते: मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेच बंद झाला होता, तेव्हा कसली वही आणि कसली शिफ्ट. घरात लग्न असेल, ऊसतोड आली असेल, दोन-चार दिवस जातील. पाचव्या दिवशी तारीख टाकून पुढं लिहायचं, मागची पानं भरत बसायचं नाही.

पळापळीबद्दल. "दिवसभर आग विझवतो" असं तुम्ही लिहिलंय. आगी रोज नव्या नसतात. वहीच्या मागच्या पानावर फक्त एवढं टिपा: काय पेटलं, किती वेळ गेला. डेअरीचं दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं, त्या दिवशी हे पान काढून बसा, म्हणजे वेगळी आठवण ठेवायला नको. तुम्हाला दोन-तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतील. बहुतेक ठिकाणी पहिली असते ती कोअर वेळेवर न मिळण्याची. मग मागं जाऊन बघायचं. कोअर शॉपला उद्याचा प्लॅन दुपारी जातो, मोल्डिंगचा प्लॅन डिस्पॅचच्या फोननंतर संध्याकाळी सहाला बदलतो, आणि कोअर शॉपला ते सकाळी कळतं. इथं कोअर शॉपवाल्यावर ओरडून काही होणार नाही. साहेबांकडं जाऊन सांगायचं, "दहा दिवसांत कोअरसाठी लाइन एवढे तास थांबली. प्लॅन चारला गोठवू, त्यानंतरचा बदल फक्त तुमच्या सहीनं." आकडा पुढं ठेवला की साहेब ऐकतात, कारण त्यांनाही वर उत्तर द्यायचं असतं. दहा दिवसांत एकच आग कायमची विझवायची. दोन हातात घेतल्या की दोन्ही अर्ध्या राहतात.

फोनसाठी नियम सोपा आहे, पण तो सगळ्यांना सांगितलेला हवा. पेटलं असेल तर फोन करा, मी उचलेन. ग्रुपवर टाकलं तर मी जेवणाच्या सुट्टीत आणि शिफ्ट संपताना बघेन. साहेबांना हे आधी विचारून ठरवा, नाहीतर दुर्लक्ष करतोय असा समज होतो. शिफ्ट हँडओव्हर मात्र फोनवर कधीच नको. येणाऱ्या सुपरवायझरबरोबर लाइनवर उभं राहून पाच मिनिटं: काय चालू, काय अडलंय, कुठल्या पॅटर्नवर लक्ष ठेव, कुणाची तब्येत बरी नाही. अर्ध्या आगी इथंच टळतात.

आता त्या क्वालिटीत गेलेल्या मुलाबद्दल. त्याच्याशी तुलना करून त्रास करून घेऊ नका. पण साहेब त्याच्यावर कशासाठी भरवसा ठेवतात ते जरूर बघा. माझा अंदाज आहे, तो ग्राहकाच्या तक्रारीचं उत्तर लिहू शकतो. हे तुम्हीही शिकू शकता, आणि वही असेल तर त्याच्यापेक्षा चांगलं लिहाल.

आपल्याकडच्या तक्रार-अहवालांमध्ये एक वाक्य मला सर्वात जास्त खटकतं: "ऑपरेटरला समज दिली." मूळ कारणाच्या रकान्यात हे लिहिलं की कुणीच काही शिकलेलं नाही, हे ग्राहकालाही कळतं. समजा तक्रार अशी आली, की कास्टिंगचे (ओतलेल्या नगाचे) पातळ कोपरे कडक आहेत आणि टूल तुटतंय. समज द्यायला कुणाला बोलावणार? ग्रे आयर्नमध्ये (एक प्रकारच्या ओतीव लोखंडात) इनॉक्युलंट (धातू कडक होऊ नये म्हणून ओतण्याआधी मिसळायचं द्रव्य) घातल्यावर त्याचा परिणाम मिनिटामिनिटाला उतरत जातो. लॅडल भरल्यापासून शेवटचा साचा ओतेपर्यंत उशीर झाला तर शेवटच्या नगांचे पातळ भाग पांढरे, कडक होतात. तर अहवालात हे यायला हवं: त्या हीटला पहिला साचा किती मिनिटांनी ओतला, शेवटचा किती, कडक निघालेले नग कितव्या क्रमांकाचे होते, आता एका लॅडलवर किती साचे घेणार, आणि वेळ कोण नोंदवणार. असा अहवाल वहीतूनच लिहिता येतो, आठवणीतून येत नाही.

इंग्रजीचंही इथंच जमेल. बोलायचा कोर्स सोडून द्या. रोज एक मेल स्वतः लिहा, चार वाक्यांचा: काय झालं, किती नग, काय केलं, कधी कळवू. पहिले काही दिवस क्वालिटीतल्या त्याच मुलाला दाखवून घ्या, तो आनंदानं बघेल. ग्राहकाला तुमच्या व्याकरणाशी देणंघेणं नसतं, त्याला आकडा आणि तारीख हवी असते. शिकायचं कुठलं, हेही वहीच सांगेल. सहा महिन्यांच्या नोंदींत श्रिंकेज (धातू आकसून पडणारी पोकळी) वारंवार दिसत असेल तर मेथडिंग (साच्यात धातू कुठून, कसा जाईल ते ठरवणं) आणि कास्टिंग सिम्युलेशन (तेच संगणकावर आधी करून बघणं) शिका. रिजेक्शनचे आकडे जुळवताना घाम फुटत असेल तर आधी एक्सेल. जाहिरात बघून कोर्स लावाल तर तो अर्ध्यावर सुटणार, कारण त्याची रोज गरज पडत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. लाइनला चार माणसं कमी असतील आणि रोज बारा तास भरून घेतले जात असतील, तर ते सवयीनं सुटणारं दुखणं नाही. तो व्यवस्थापनाचा प्रश्न आहे. तो नियोजनाच्या नावाखाली तुमच्या अंगावर कुणी टाकत असेल तर घेऊ नका. आकडे घेऊन एकदा बोला, दोनदा बोला.

राहिला पुण्याचा प्रश्न. लगेच जाऊ नका, आणि कधीच जायचं नाही असंही ठरवू नका. एक पावसाळा आणि एक उन्हाळा वहीत येऊ द्या. मग मुलाखतीला जाल तेव्हा "सहा वर्षं मोल्डिंग बघतो" एवढ्यावर थांबावं लागणार नाही. गरम वाळूमुळं जाणारे नग कसे कमी केले, कोअरसाठी थांबणारी लाइन कशी सुरू ठेवली, हे आकड्यांसह सांगता येईल, आणि समोरचा जाणकार असेल तर पुढचे प्रश्न तिथूनच विचारेल. तोवर कदाचित इथंच तुम्हाला मेथडिंगला किंवा क्वालिटीला बोलावतील. ते झालं तर पगाराबरोबर घरभाडं, म्हशी, आई-वडील हा सगळा हिशेब मांडून बघा, कारण चाकणचा वाढलेला पगार पुष्कळदा तिथल्याच भाड्यात जातो. आणि जायचं ठरलंच तर ड्रॉइंग, दर, चार्ज मिक्स (भट्टीत काय किती घालायचं ते), ग्राहकांची नावं वहीत नकोत. ते कंपनीचं आहे. सुरुवातीपासून पार्टला स्वतःचं खुणेचं नाव द्या, हीट नंबर ठेवा, म्हणजे वही निर्धास्तपणे सोबत नेता येईल.